सेटिंग न टिकणारी चेनसॉ : कार्बुरेटरवरचा आळ आणि सीलमधून शिरणारी हवा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात वळवाच्या पावसाने रस्त्यावर आडवी झालेली झाडे बाजूला करणे, बांधावरची अकेशिया आणि निलगिरी तोडून देणे आणि अधूनमधून चोर्ला घाट उतरून गोव्याच्या सत्तरी भागातील काजूबागांत वठलेली झाडे काढणे, अशी कामे घेणाऱ्या एका मुकादमाच्या चेनसॉचे हे प्रकरण आहे. यंत्र 58 सीसीचे, 22 इंची बारचे (चेन ज्याभोवती फिरते ते पाते) आणि एल (स्लोचे पेट्रोल) व एच (पूर्ण रेसचे पेट्रोल) अशा दोन सेटिंग स्क्रूंच्या डायफ्राम कार्बुरेटरचे होते. सीमाभागातील बाजारपेठांत निरनिराळ्या नावांनी आणि रंगांनी विकली जाणारी जी एकसारखी यंत्रे मिळतात, त्यांपैकीच एक. हे प्रकरण लिहून काढण्याचे कारण असे की, बिघाडाची तीन स्पष्टीकरणे, म्हणजे कार्बुरेटर, घाटातला उंचीचा फरक आणि इथेनॉलचे पेट्रोल, एकाच वेळी पटण्यासारखी होती, त्यांपैकी दोन अंशतः खरीही होती, आणि तरीही इंजिन ज्या कारणाने मरणाच्या वाटेला लागले होते ते कारण चौथेच होते.

यंत्र आमच्या कार्यशाळेत आले तेव्हा मुकादमाने तक्रार एका वाक्यात सांगितली : “मिस्त्री, रेस सोडली तरी मशीन खाली उतरंना, आन् उतरलं की बंदच पडतंय.” ओंडक्यातून बार बाहेर काढून रेस सोडल्यावर निरोगी इंजिन लगेच स्लोवर येते आणि क्लच सुटून चेन थांबते. हे इंजिन वरच्या फेऱ्यांवर रेंगाळत होते, तेवढा वेळ चेन फिरत राहत होती, आणि मग फेरे एकदम घसरून इंजिन बंद पडत होते. पडलेल्या झाडाच्या फांद्यांत पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात रेस सोडूनही चेन फिरत असेल, तर तो प्रश्न यंत्रापुरता उरत नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत यंत्र कामावर नेऊ नये, असे मुकादमाला आधी बजावावे लागले.

त्यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी या यंत्रावर बरेच उपचार झाले होते. प्लग बदलला होता, एअर फिल्टर नवा घातला होता, दोन्ही स्क्रू उघडून पाहिले होते आणि शेवटी कार्बुरेटरच नवा बसवला होता. नव्या कार्बुरेटरवर यंत्र काही दिवस बरे चालले आणि पुन्हा मूळ पदावर आले. राजदूत, येझदी आणि लुनाच्या काळापासून टू-स्ट्रोक हाताळत आलेल्या आपल्याकडच्या मिस्त्रींचा पहिला संशय कार्बुरेटरवर जावा, यात नवल नाही. त्या गाड्यांत ती सवय बहुतेक वेळा कामालाही येत असे. मात्र त्या गाड्यांचे कार्बुरेटर फ्लोटचे होते आणि गाडी उभी चालत होती. चेनसॉ आडवी, उभी, उलटी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्या कार्बुरेटरमध्ये फ्लोटऐवजी रबरी डायफ्राम असतो आणि टाकीतले पेट्रोल ओढणारा छोटा पंपही त्याच कार्बुरेटरच्या पोटात असतो. हा पंप चालवणारी शक्ती क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतून, येते : पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते, खाली आला की दाब निर्माण होतो, आणि हे स्पंदन एका बारीक छिद्रातून पंपाच्या डायफ्रामपर्यंत पोहोचते. क्रँककेस हवाबंद नसेल तर मिश्रणात जादा हवा शिरतेच, शिवाय पेट्रोल ओढणारा पंपही दुबळा होतो. म्हणजे गळती दोन्ही बाजूंनी मिश्रण पातळ करते, हवेच्या मानाने त्यात पेट्रोल कमी पडते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोष कार्बुरेटरचा दिसतो.

तपासणीची सुरुवात स्क्रू मोजण्यापासून केली. दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आवळत फेरे मोजले, तेव्हा एल सव्वादोन फेरे आणि एच जवळजवळ अडीच फेरे उघडा निघाला. अशा कार्बुरेटरांवर सुरुवातीचे सेटिंग साधारण एका फेऱ्याचे असते आणि अखेरचे सेटिंग त्याच्या आसपास, फार तर अर्ध्या फेऱ्याच्या आतबाहेर पडते. स्क्रू उजवीकडे आवळला की पेट्रोल कमी होते, डावीकडे उघडला की वाढते. आधीच्या मिस्त्रीने एवढा स्क्रू उघडला तो निष्काळजीपणाने नव्हे. इंजिन पेट्रोल मागत होते आणि त्याने ते दिले. परंतु निर्दोष इंजिनात एच अडीच फेरे उघडला तर सायलेन्सरमधून निळा धूर, तेलाचे थेंब आणि ओढ नसलेला जड आवाज यायला हवा. येथे प्लग कोरडा आणि पांढुरका होता. इतके पेट्रोल देऊनही इंजिन उपाशी राहत असेल, तर हवा कार्बुरेटरला वळसा घालून आत येत आहे, हा तर्क तेव्हाच बळावला.

तरीही घाटाचा आणि पेट्रोलचा मुद्दा बाजूला सारता येत नव्हता, कारण मुकादमाचे निरीक्षण नेमके होते. यंत्र घाटमाथ्यावर बरे चालते, सत्तरीत उतरले की जास्त बिघडते, असे त्याचे म्हणणे होते. कणकुंबीचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर उंचीवर आहे आणि घाट उतरून वाळपईकडे गेले की ही उंची जवळजवळ सगळी संपते. वरच्या हवेची घनता खालच्या हवेपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे वर बसवलेले सेटिंग खाली आल्यावर पातळ होते, हे खरेच आहे. पण किती पातळ? व्हेंचुरीतून, म्हणजे कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून, सारख्याच ओढीने जाणाऱ्या हवेचे वजन घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून घनतेतील सात-आठ टक्के फरकाने मिश्रणात पडणारा फरक चार टक्क्यांच्या घरातलाच राहतो. एच स्क्रूच्या एक-अष्टमांश फेऱ्याने तो भरून निघतो. सव्वा-दीड फेरा जादा उघडूनही जे भरत नाही, ते घाटाच्या माथी मारता येत नाही.

पेट्रोलचे गणितही असेच. देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी 2023 मध्ये बेंगळुरूतूनच झाली, आणि आता पंपावर सर्वसाधारणपणे तेच मिळते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट पुरते, आणि 20 टक्के मिश्रणाला सुमारे 13.5 पट. म्हणून बिनइथेनॉल पेट्रोलवर बसवलेले सेटिंग या पेट्रोलवर सुमारे आठ टक्क्यांनी पातळ ठरते. घाट आणि इथेनॉल दोन्ही एकत्र धरले तरी बेरीज बारा टक्क्यांच्या आसपास येते. ती पाव फेऱ्यात, ताणले तर त्याहून किंचित अधिक फेऱ्यात मावते. शिवाय या दोन्ही कारणांचा एक स्वभाव आहे, आणि निदानात तो आकड्यांपेक्षाही उपयोगी पडतो. ती कारणे स्थिर असतात. त्याच जागी, त्याच टाकीच्या पेट्रोलवर यंत्र सकाळी एक आणि दुपारी दुसरे वागत नाही. हे यंत्र मात्र एकाच ओंडक्यावर दोन कापांत दोन प्रकारे वागत होते.

इथेनॉलचा एक दोष मात्र या पट्ट्यात गंभीरपणे घ्यावा लागतो. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, आणि कणकुंबीसारख्या पावसाच्या ठिकाणी जूनपासून पुढे अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये ठेवलेल्या मिश्रणात पाणी आणि इथेनॉल खाली बसू शकते. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो. मुकादमाचा कॅन आम्ही काचेच्या बाटलीत ओतून पाहिला. थर वेगळे झालेले नव्हते. त्याच वेळी असेही कळले की, यंत्र तापते म्हणून चालक लिटरला 20 मिलिलिटरऐवजी 40 मिलिलिटरपेक्षाही अधिक टू-टी ऑइल घालत होता. जास्त तेलाने इंजिन सुरक्षित राहते, ही समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक, जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो आणि मिश्रण आणखी पातळ होते. या यंत्रापुरते पाहता त्याच जादा तेलाने पिस्टन थोडा काळ वाचवला असण्याचीही शक्यता आहे, पण तो उपाय म्हणून कोणाला सांगावा असा नव्हे.

त्यानंतर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून, पिस्टन पाहिला. टू-स्ट्रोकमध्ये हे काम कार्बुरेटरला हात लावण्यापूर्वीच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोन स्क्रू काढले की इंजिनाचा इतिहास समोर दिसतो. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर बारीक उभे ओरखडे उमटले होते, पण धातू वितळून सिलिंडरला चिकटलेला नव्हता आणि रिंग खोबणीत मोकळी हलत होती. कॉम्प्रेशन 140 पीएसआयच्या आसपास मिळाले. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येते, म्हणून पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते आणि तापमान मात्र वाढते. सर्वांत तापणारी बाजू एक्झॉस्टची, म्हणून पहिले ओरखडे तिथे. केवळ इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या, बाजूला ओरखडे असते, तर फिल्टरमधून गेलेल्या धुळीचा संशय आधी घ्यावा लागला असता. येथे इंजिन सीझ होण्याच्या, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकण्याच्या, वाटेवर होते, पण वाचवण्याजोगे होते.

सायलेन्सर परत बसवून इंजिन चालू केले आणि गरम झाल्यावर स्लोवर ठेवून ते दोन्ही कुशींवर आणि बार वर-खाली करून झुकवून पाहिले. या चाचणीचा अर्थ लावताना घाई होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. झुकवल्यावर फेरे पडून इंजिन बंद होत असेल, तर बहुधा एल स्क्रू जास्त उघडा असल्याने क्रँककेसमध्ये न जळलेले मिश्रण साचलेले असते आणि झुकवल्यावर ते एकदम वर चढते. ती गळती नव्हे. झुकवल्यावर फेरे वाढत असतील, तर मात्र क्रँक शाफ्ट बेअरिंगमधल्या सूक्ष्म ढिलाईइतका सरकून सीलच्या (शाफ्ट क्रँककेसबाहेर येतो तिथे हवा अडवणारी रबरी कडी) ओठाशी फट पडत असल्याची शक्यता मोठी. हे यंत्र फ्लायव्हीलची बाजू खाली केली की चढत होते आणि क्लचची बाजू खाली केली की सावरत होते. टाकीचे झाकण सैल करून पाहिले. काहीच फरक पडला नाही, म्हणजे टाकीचा श्वास कोंडलेला नव्हता. एल स्क्रू आणखी अर्धा फेरा उघडला, तरी इंजिन जड झाले नाही. कार्बुरेटरचा शब्द इंजिन ऐकेनासे झाले होते.

अशा वेळी चालू इंजिनावर कार्बुरेटर क्लीनरचा फवारा मारून फेरे बदलतात का ते पाहण्याची पद्धत रूढ आहे. आम्ही ती टाळतो. फवारा ज्वालाग्राही असतो, सायलेन्सर तापलेला असतो, आणि फ्लायव्हीलचे पाते फवारा उडवून लावत असल्याने त्याच्या मागे दडलेल्या सीलपर्यंत तो धड पोहोचतही नाही. इनटेकच्या रबरातील मोठी चीर त्याने सापडेल, पण फवाऱ्याने काही सापडले नाही म्हणून गळती नाही, असे कधीच म्हणता येत नाही. खात्री हवी असेल तर इंजिन बंद करून, सगळी तोंडे बुजवून, दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही लावून पाहण्यावाचून इलाज नाही.

त्यासाठी लागणारी सामग्री महाग नाही. एक्झॉस्ट बुजवायला सायलेन्सरखाली सायकलच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा ठेवून नट आवळले. कार्बुरेटरच्या जागी बसणारी, मधोमध नळी असलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बेळगावच्या उद्यमबागेतील एका लेथवाल्याकडून करून घेतलेली होती. खाली रबर घातले की ती इनटेकच्या ठोकळ्यावर घट्ट बसते आणि स्पंदनाच्या छिद्रातही दाब पोहोचतो. प्लग जागेवर ठेवला, कारण प्लगच्या वॉशरखालूनही गळती होऊ शकते. दाबासाठी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा फुगा आणि तबकडी वापरणारे मिस्त्री आमच्या पाहण्यात आहेत. ती तबकडी पाऱ्याच्या 300 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे 0.4 बारपर्यंतच मोजते, पण निदानाला तेवढे पुरते. व्हॅक्यूमसाठी मात्र हातपंप आणि त्याचा गेज लागतोच.

प्रथम 0.5 बार दाब दिला. काटा वीस सेकंदांहून अधिक काळ जागचा हलला नाही. साबणाचे पाणी सिलिंडरच्या पायाशी, क्रँककेसच्या जोडावर, इनटेकच्या ठोकळ्याभोवती आणि प्लगभोवती लावले; कुठेही बुडबुडा नाही. चाचणी येथेच थांबवली असती, तर इंजिन हवाबंद असल्याचा निर्वाळा देऊन आम्ही पुन्हा कार्बुरेटरकडे वळलो असतो. नंतर त्याच नळीवर 0.5 बार व्हॅक्यूम लावला. काटा लगेच घसरू लागला आणि पाहता पाहता शून्यावर आला. वीस सेकंदांत व्हॅक्यूम 0.5 वरून 0.3 बारपर्यंत उतरला तर ते चालण्याजोगे मानले जाते. येथे तेवढा वेळही लागला नाही.

दाब टिकतो आणि व्हॅक्यूम टिकत नाही, या विसंगतीचे उत्तर ऑइल सीलच्या घडणीत आहे. सीलचा ओठ क्रँककेसच्या आतल्या बाजूला तोंड करून बसलेला असतो आणि त्यामागे बारीक स्प्रिंगची कडी असते. आतून दाब आला की तो ओठ शाफ्टवर आणखी दाबला जातो, म्हणून म्हातारा, कडक झालेला सीलही दाबाच्या चाचणीत पास होतो. आतून ओढ आली की बाहेरची हवा तोच ओठ शाफ्टपासून उचलते. चालू इंजिनात दर फेऱ्याला ही ओढ निर्माण होतेच, आणि इंजिन मिश्रण घेण्याच्या क्षणी ती होते. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने कार्बुरेटरमधून येणारी हवा थोडी आणि तिच्या तुलनेत चोरवाटेने येणारी हवा मोठी ठरते. त्यामुळे पहिला गोंधळ स्लोवर दिसतो. पूर्ण रेसवर चोरट्या हवेचे प्रमाण घटते, आवाजात फारसे काही कळत नाही, पण पिस्टनवर ओरखडे तिथेच पडतात. एच स्क्रू उघडून चालवलेले यंत्र काही दिवस बरे वाटले, ते यामुळेच. स्क्रूने भर घातली ती एका ठरावीक गळतीला, आणि गळती मात्र तापमान, फेरे आणि यंत्राचा कोन यांनुसार बदलत राहिली.

कोणता सील, हे नक्की करण्यासाठी फ्लायव्हील पुलरने काढला, व्हॅक्यूम पुन्हा लावला आणि शाफ्ट व सीलच्या सांध्यावर दाट तेलाचे काही थेंब सोडले. तेल आत ओढले गेले आणि तेवढा वेळ काटा थबकला. क्लचच्या बाजूला हाच प्रयोग केला असता तेल जागेवर राहिले. क्लच काढताना ध्यानात ठेवावे लागते की तो उलट्या आट्यांचा असतो, आणि क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुती दोरी सोडून पिस्टन अडवावा. पोर्टमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवणाऱ्यांनी किती पिस्टन फोडले आहेत, ते भंगारवाल्यांना विचारावे. फ्लायव्हीलच्या बाजूचा सील काढल्यावर कारण दिसले. ओठ कडक होऊन त्याची लवचीकता गेली होती, आणि नेमका ओठ टेकतो त्या रेषेवर शाफ्टला गंजाची बारीक कडी धरली होती. यंत्र पावसाळाभर उघड्या पडवीत ठेवलेले असे, हे विचारल्यावर मुकादमाने सांगितले. टाकीतले पेट्रोलही काढलेले नसे. गंजाची ती कडी पुढच्या हंगामात कानशीसारखी ओठ घासत राहिली असणार.

सील बदलण्यापूर्वी मुख्य बेअरिंग तपासले, कारण बेअरिंग ढिले असेल तर नवा सील फार काळ टिकत नाही. शाफ्ट हाताने वर-खाली ओढून पाहिला. जाणवण्याजोगी ढिलाई नव्हती आणि फिरवताना खरखर नव्हती. झुकवल्यावर फेरे बदलत होते ते निरोगी बेअरिंगमध्येही असणाऱ्या अल्पशा सरकण्यामुळे. चांगला सील तेवढे सहज झेलतो, कडक झालेला झेलत नाही. बेअरिंगच्या तोंडाशी ग्रीस लावलेली चिंधी दाबून शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने शाफ्टभोवती गोल गोल घासून काढला, लांबीच्या दिशेने नव्हे. लांबीतला ओरखडा म्हणजे हवेला आयतीच वाट. शाफ्टवरील खाचेची धार ओठाला लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पातळ नळीवरून सील सरकवला, ओठाला ग्रीस लावले आणि तो जुन्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बाहेर बसवला, जेणेकरून ओठ गंजाच्या जुन्या रेषेवर न टेकता कोऱ्या जागेवर टेकेल. क्लचच्या बाजूचा सील चाचणीत टिकला होता, तरी तोही बदलला. दोन्ही सील एकाच वयाचे होते आणि दुसऱ्यासाठी पुन्हा एवढी उघडझाप करायला लावणे ग्राहकावर अन्याय ठरला असता. नव्या सीलची किंमत त्या मानाने किरकोळ आहे. सर्व काही जोडण्यापूर्वी दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही पुन्हा लावले, आणि या वेळी क्रँक हळूहळू पूर्ण फिरवत काटा पाहिला. तो स्थिर राहिला.

आता कार्बुरेटरची पाळी. मुकादमाने काढून टाकलेला मूळ कार्बुरेटर डब्यात जपून ठेवला होता, हे चांगले झाले. त्याच्या पेट्रोलच्या नळीवर 0.8 बार दाब दिला असता तो टिकला, म्हणजे आतली सुई आणि तिची बैठक ठीक होती. डायफ्राम मात्र कडक झाले होते. बोटाने दाबल्यावर कागदासारखा आवाज येत होता. नवे डायफ्राम आणि गॅस्केट घालून, आतली बारीक जाळी धुऊन तोच कार्बुरेटर परत बसवला. नवा घेतलेला कार्बुरेटर वाईट होता असे नाही, पण मूळ भाग या इंजिनासाठी जुळवलेला असतो आणि त्याच्यात बदलण्यासारखे जे होते ते बदलले होते.

सेटिंग करताना फिल्टर स्वच्छ, चेन धार लावलेली आणि बार-चेन जागेवर असावी लागते. बोथट चेनवर केलेले एच सेटिंग खोटे ठरते, कारण ओढ कमी की भार जास्त हे कळेनासे होते. दोन्ही स्क्रू एका फेऱ्यावर ठेवून इंजिन रेस बदलत चांगले गरम केले. आधी एल स्क्रू हळूहळू फिरवून स्लोचे फेरे जिथे सर्वाधिक होतात ती जागा शोधली आणि तिथून स्क्रू थोडा उघडला, इतपत की रेस दाबल्यावर इंजिन न अडखळता उसळावे. मग स्लोचा स्क्रू कमी करून फेरे मिनिटाला 3,000 च्या आसपास आणले आणि चेन पूर्ण थांबलेली असल्याची खात्री केली. शेवटी एच. तो मुद्दाम जास्त उघडून सुरुवात केली आणि काही सेकंदांच्या पूर्ण रेसच्या झटक्यांत थोडा थोडा आवळत आणला. मोकळ्या रेसवर आवाजात हलकी फडफड राहावी आणि बार ओंडक्यात टेकताच ती जाऊन आवाज स्वच्छ व्हावा, अशी जागा हवी असते. फडफड म्हणजे प्रत्येक फेऱ्याला नीट न जळणारे, किंचित घट्ट मिश्रण, आणि भार आला की तेच योग्य होते. कान तयार नसेल तर प्लगच्या वायरजवळ धरायचा टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) वापरून माहितीपुस्तिकेतील कमाल फेऱ्यांखाली राहावे. एक सावधगिरी : काही यंत्रांची इग्निशन कॉइल ठरावीक फेऱ्यांवर ठिणगी तोडते आणि तो आवाज या फडफडीसारखाच येतो. त्याला घट्ट मिश्रण समजून एच आवळत गेले, तर कान समाधानी राहतो आणि पिस्टन जातो.

या यंत्रावर एल सव्वा फेऱ्यावर आणि एच एक फेरा व एक-अष्टमांशावर स्थिरावला. झुकवल्यावर स्लोमध्ये फरक पडत नव्हता, रेस सोडली की चेन थांबत होती. काही टाक्या काम झाल्यावर सायलेन्सर पुन्हा काढून पाहिला. पिस्टनवर तेलाचा ओलसर थर होता आणि ओरखडे वाढले नव्हते. प्लगचा रंग हलका तपकिरी होता, पण आताच्या तेलांवर आणि इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लगचा रंग उशिरा बदलतो, म्हणून त्यावर आम्ही फार विसंबत नाही.

मुकादमाला तेलाचे प्रमाण ऑइलच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे, त्याच्या डब्याला ते 50 लिटरला एक लिटर असे होते, ठेवायला सांगितले आहे, आणि जूनच्या आधी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायला सांगितले आहे. सेटिंग घाटमाथ्यावरच्या हवेत केलेले असल्याने सत्तरीत काम घेतले, तर पहिल्या कापापूर्वी एच एक-अष्टमांश फेरा उघडायचा आणि परत वर आल्यावर तेवढाच आवळायचा. त्यापेक्षा जास्त उघडावा लागला, तर स्क्रूला पुन्हा हात न लावता यंत्र व्हॅक्यूमच्या चाचणीसाठी आणायचे.